लॅपटॉपचे अतितापन आणि स्मृतिदोष

लॅपटॉपचे अतितापन आणि स्मृतिदोष ही लॅपटॉप चालू असताना अचानक बंद पडण्याची दोन प्रमुख कारणे होत. दोहोंची लक्षणे वरवर सारखी दिसतात. शिवाय साठवण, वीजपुरवठा आणि ड्रायव्हर यांतील दोषही तशीच लक्षणे दाखवतात. त्यामुळे कारण निश्चित होण्यापूर्वी विकत आणलेला सुटा भाग पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. तपासणीस आरंभ करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या साधनावर काढून ठेवावी. चाचण्या यंत्रावर मुद्दाम ताण आणतात आणि मुळात डळमळीत झालेली हार्ड डिस्क त्यातच निकामी होऊ शकते.

स्मृती आणि साठवण

मराठी बोलण्यात ‘मेमरी भरली’ हे वाक्य दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरले जाते आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. रॅम ही कामापुरती स्मृती असून वीज जाताच ती रिकामी होते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही साठवण. तिच्यातील मजकूर वीज नसतानाही टिकतो. छायाचित्रे पुसल्याने साठवण मोकळी होते, रॅम नव्हे.

रॅम अपुरी पडली की संचालन प्रणाली तिच्यातील काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवते. डिस्क रॅमच्या मानाने फार मंद असल्याने यंत्र रखडू लागते, क्वचित एखादा प्रोग्राम आपोआप मिटतो. विंडोजमधील टास्क मॅनेजरमध्ये हा वापर पाहता येतो. मात्र संपूर्ण यंत्र क्षणात बंद पडणे हे सहसा अपुऱ्या रॅमचे लक्षण नसते. ते सदोष रॅमचे किंवा उष्णतेचे असू शकते.

लक्षणांवरून कारणाचा शोध

यंत्र बंद कसे पडले, हा निदानातील सर्वांत मोलाचा पुरावा होय. व्हिडिओ किंवा खेळ चालू असता पंख्याचा आवाज वाढत जाऊन, कोणतीही सूचना न देता पडदा काळा होत असेल आणि थोडा वेळ विसावल्यावर यंत्र पूर्ववत सुरू होत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. हलके काम चालू असतानाही निळा पडदा येत असेल आणि त्यावरील संकेत दर वेळी निराळा असेल, तर रॅम तपासावी. संकेत सतत तोच येत असल्यास ड्रायव्हरचा दोष अधिक संभवतो. चार्जर काढताच यंत्र बंद पडत असेल तर प्रथम बॅटरी पाहावी.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद आढळते. पुष्कळजण तिलाच कारण समजतात. वस्तुतः यंत्र नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते.

अतितापन

प्रक्रियकाची उष्णता प्रथम तापवाहक पेस्टमधून तांब्याच्या पोकळ नळीकडे जाते. नळीतील किंचित द्रवाची तप्त टोकाशी वाफ होते आणि दुसऱ्या टोकाशी पातळ धातुपट्ट्यांच्या जाळीजवळ ती पुन्हा द्रवरूप होते. तेथील उष्णता पंखा बाहेर फेकतो. ही साखळी कोठेही तुटली की तापमान चढते. लॅपटॉपच्या अनेक प्रक्रियकांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रक्रियक स्वतःची गती कमी करतो. तेवढ्याने न भागल्यास यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद होते. म्हणजे येथील बंद पडणे हा बिघाड नसून बचाव आहे.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे धूळ. ती पंख्याच्या पात्यांपेक्षा पंखा आणि जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखी साचते, त्यामुळे बाहेरून पाहता यंत्र स्वच्छच वाटते. ती काढताना पात्यांना धरून ठेवून दाबाची हवा सोडावी, अन्यथा पंखा बेफाम फिरून त्याची हानी होते. जाळी बुजलेली असताना खाली कूलिंग पॅड ठेवण्याने विशेष लाभ होत नाही. गादीवर लॅपटॉप ठेवल्यास तळाची हवेची वाट बंद होते.

अनेक उत्पादक वापरासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश देतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे लक्षात घेता तेथील विद्यार्थ्यांनी दुपारी जड कामे टाळणे श्रेयस्कर.

रॅमची चाचणी

विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हे साधन विंडोजमध्येच असते. अधिक कसून तपासणीसाठी मेमटेस्ट८६ वापरतात. ते पेन ड्राइव्हवरून, संचालन प्रणाली सुरू होण्याआधी चालते. एका फेरीत दोष न सापडणे म्हणजे रॅम निर्दोष असणे नव्हे, म्हणून चाचणी रात्रभर चालू ठेवतात. दोष आढळल्यास चार्जर काढून, बॅटरी विलग करून रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि मग एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. दुकानांत पट्टीचे संपर्कबिंदू खोडरबराने पुसण्याची रीत आहे. पुष्कळदा गुण येतो तो नुसत्या पुन्हा बसवण्याने. नवी पट्टी घेताना प्रकार जुळवावा लागतो: लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीस २०४, डीडीआर४ पट्टीस २६० संपर्कबिंदू असतात. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच झाळलेली असते. तेथे हा मार्ग खुंटतो.

स्मृतीतील चूक नेहमी उष्णतेमुळे होते, हा समज बरोबर नाही. चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण स्मृतीतील बिट पालटवतात, हे इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखवले. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका आढळल्या. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा कमी दिसला.

झाळकामातील भेगा

वारंवार तापून निवण्याने चिपखालील झाळकामास भेगा पडतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या अशा दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली होती. असा बोर्ड भट्टीत तापवून ‘जिवंत’ करण्याचा उपाय प्रचलित आहे. तो टिकत नाही, आणि स्वयंपाकाच्या भट्टीत तो करणे घातक आहे.

काम थांबवण्याची वेळ

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर लिथियम बॅटरी फुगली आहे असे समजावे. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करावे, चार्जर लावू नये, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि ती जाणकाराकडून काढवून घ्यावी.