कार्टर यांचा स्वेटर आणि फॉर्म क्रमांक ५६९५

२ फेब्रुवारी १९७७. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद स्वीकारून जिमी कार्टर यांना दोन आठवडेही झाले नव्हते. व्हाइट हाउसच्या ग्रंथालयात, पेटत्या शेकोटीजवळ, अंगात साधा लोकरी स्वेटर घालून ते दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बसले. त्या वर्षीचा हिवाळा भयंकर होता. नैसर्गिक वायूच्या तुटवड्याने कारखाने आणि शाळा बंद पडल्या होत्या. घरातील थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरेनहाइटवर ठेवा, असे आवाहन त्यांनी केले. आपल्या मापाने सुमारे १८ आणि १३ अंश सेल्सिअस.

तो स्वेटर इतिहासात अजरामर झाला. त्याच्या मागोमाग आलेला एक सरकारी कागद मात्र फारसा कोणाच्या लक्षात नाही. आजचा धागा त्या कागदाविषयी आहे: अमेरिकी प्राप्तिकर खात्याचा फॉर्म क्रमांक ५६९५. घराची ऊब आणि गारवा कमी इंधनात राखण्यासाठी केलेल्या खर्चावर करात सूट मागण्याचा हा अर्ज. पेशवे दफ्तरातील सनदा आपण जेवढ्या बारकाईने वाचतो, तेवढ्याच बारकाईने हा रूक्ष फॉर्म वाचला, तर एका राज्यसंस्थेचा स्वभाव कळतो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘८० सी’ सर्वांना पाठ असते. ती वजावट आहे, म्हणजे ती उत्पन्नातून होते. अमेरिकेतील ‘टॅक्स क्रेडिट’ थेट भरावयाच्या करातून वजा होते. कर ३,००० डॉलर आणि क्रेडिट ५०० डॉलर असेल, तर भरायचे २,५००. मात्र या विशिष्ट क्रेडिटला एक अट पहिल्यापासून आहे. मुळात जेवढा कर लागू आहे, त्याहून अधिक सूट मिळत नाही. ही अट लक्षात ठेवा. पुढे तीच सारे काही ठरवणार आहे.

स्वेटरच्या भाषणानंतर अडीच महिन्यांनी, १८ एप्रिलला, कार्टर यांनी ऊर्जासंकटाची तुलना युद्धाशी केली आणि २० एप्रिलला काँग्रेससमोर योजना मांडली. जेम्स श्लेसिंजर यांच्या चमूने ती तयार केली होती. तिच्यात छडीही होती आणि खाऊही. देशातील कच्च्या तेलावर कर, गरज पडल्यास पेट्रोलवर वाढता कर, अधिक इंधन पिणाऱ्या मोटारींवर कर ही छडी. घर ऊबदार करणाऱ्यास क्रेडिट हा खाऊ. पुढील दीड वर्षात पेट्रोलवरील कर फेटाळला गेला आणि तेलावरील कर सिनेटमध्ये अडकून संपला. ९ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वाक्षरी झालेल्या पाच कायद्यांपैकी ‘एनर्जी टॅक्स ॲक्ट’मध्ये छडीच्या नावाखाली उरला तो मुख्यतः मोटारींवरील कर. खाऊ मात्र जवळजवळ शाबूत राहिला. इंधन महाग करण्याचे धैर्य नसलेल्या संसदेने बचत स्वस्त करण्याचा मार्ग धरला. या क्रेडिटचा जन्म असा उरलेल्यातून झाला आहे.

कायद्याचे स्वरूप असे होते. २,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर १५ टक्के, म्हणजे अधिकाधिक ३०० डॉलर. सौर किंवा पवनऊर्जेची साधने बसवली तर वेगळे आणि मोठे क्रेडिट. घर २० एप्रिल १९७७ पूर्वी बांधून झालेले हवे आणि खर्च त्या तारखेपासून पुढचा हवा. ही तारीख कार्टर यांच्या संसदेतील भाषणाची आहे. कायदा होईपर्यंत लोकांनी हातावर हात ठेवून बसू नये, म्हणून ती मागे ओढली होती. १९७७ साली केलेला खर्च १९७८ च्या विवरणपत्रात दाखवता येत असे. भाडेकरूही हे क्रेडिट मागू शकत होता, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आता पात्र वस्तूंची यादी पाहू. उष्णतारोधक थर, दुहेरी काचेसाठी बाहेरून बसवायच्या खिडक्या, फटी बुजवण्याचा मसाला, दाराच्या कडेच्या पट्ट्या, घड्याळ असलेला थर्मोस्टॅट, फर्नेसचा नवा बर्नर. बर्नर चालेल, पण अख्खी नवी फर्नेस चालणार नाही. खात्याच्या मार्गदर्शिकेत नाकारलेल्या वस्तूंचीही यादी असे: गालिचे, पडदे, लाकूड जाळायची शेगडी आणि हीट पंप.

हीट पंप म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा एअर कंडिशनर. उन्हाळ्यात तो घरातील उष्णता बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून आत आणतो. उष्णता निर्माण करण्याऐवजी तो ती फक्त वाहून नेतो, म्हणून खर्ची पडलेल्या विजेच्या कितीतरी पट ऊब देतो. १९७८ च्या व्यवस्थेत त्याला दारातच अडवले होते. २०२२ च्या कायद्यात सर्वांत मोठा मान त्यालाच मिळाला. त्या चव्वेचाळीस वर्षांत यंत्र सुधारले हे खरे, पण त्याहून अधिक बदलला तो प्रश्न. कार्टर यांना टंचाईची चिंता होती, म्हणून त्यांची यादी काटकसरी गृहिणीची आहे: आहे तेच घर, आहे तीच फर्नेस, फटी तेवढ्या बुजवा. २०२२ ची चिंता हवामानबदलाची होती. जळणाची फर्नेसच काढा आणि विजेवर या, असे ती यादी सांगते.

मधला प्रवास थोडक्यात. इराणच्या क्रांतीनंतर तेल भडकले आणि १९८० मध्ये सौर साधनांवरील क्रेडिट ४० टक्के, कमाल ४,००० डॉलर झाले. त्याआधी, जून १९७९ मध्ये, व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारे ३२ सौरपट बसले होते. १९८५ च्या अखेरीस घरगुती क्रेडिटची मुदत संपली आणि रेगन प्रशासनाने ती वाढवली नाही. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले आणि छपराच्या दुरुस्तीचे निमित्त होऊन ते सौरपटही उतरले. पुढची वीस वर्षे फॉर्म ५६९५ निजलेला होता.

ऑगस्ट २००५ मध्ये धाकट्या बुश यांच्या स्वाक्षरीने तो जागा झाला. क्रमांक तोच. नवे क्रेडिट १० टक्के आणि आयुष्यभरात मिळून कमाल ५०० डॉलर. हीट पंप किंवा केंद्रीय वातानुकूलन यंत्राला ३००, फर्नेसला १५०, खिडक्यांना २००. हे आकडे १९७८ पेक्षा मोठे भासतात, पण ती फसगत आहे. दरम्यानच्या काळात महागाई तिपटीहून अधिक झाली होती. कार्टर यांचे ३०० डॉलर २००६ च्या भावाने ९०० च्या वर जातात.

त्यानंतरची कहाणी धरसोडीची आहे. २००८ मध्ये क्रेडिट खंडित झाले. २००९ मध्ये मंदीवरील उपाय म्हणून ३० टक्के आणि १,५०० डॉलर झाले, २०११ मध्ये पुन्हा १० टक्के आणि ५०० वर आले. मग दर एक-दोन वर्षांनी मुदत संपायची आणि मागाहून वाढायची. २०१७ या वर्षासाठीची वाढ तर फेब्रुवारी २०१८ मध्ये मंजूर झाली! वर्ष उलटून गेल्यावर त्या वर्षातील खर्चाला ‘उत्तेजन’. ज्याने खिडक्या आधीच बदलल्या होत्या, त्याला बक्षीस मिळाले. ज्याने पैशाअभावी बदलल्या नव्हत्या, त्याला कालयंत्राची गरज होती.

मग हे क्रेडिट मिळाले कोणाला? बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकास डेव्हिस यांनी २००६ पासूनची करविवरणे तपासली. घरातील सुधारणा, सौरपट आणि विजेवरील मोटारी अशी सर्व क्रेडिट्स मिळून त्यांचा सुमारे ६० टक्के हिस्सा उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या पंचमांशाकडे गेला होता. खालच्या तीन पंचमांशांना, म्हणजे देशातील बहुसंख्यांना, साधारण १० टक्के मिळाले.

याचे कारण कोणाच्या कारस्थानात शोधण्याची गरज नाही. ते फॉर्मच्या रचनेतच आहे. समजा ८,००० डॉलरचा हीट पंप बसवला. २०२२ च्या नियमाने ३० टक्के म्हणजे २,४०० होतात, पण कमाल मर्यादा २,०००. ज्याला ३,००० डॉलर कर लागू आहे त्याला पूर्ण २,००० मिळतील. ज्याचा करच ६०० डॉलर आहे त्याला ६०० मिळतील आणि उरलेले १,४०० बुडतील. पुढच्या वर्षी नेता येणार नाहीत. ज्याला कर लागतच नाही त्याला शून्य. शिवाय तिघांनीही ८,००० डॉलर आधी स्वतःच्या खिशातून मोजायचे आहेत. आपल्याकडच्या तगाईची आठवण ठेवली तर फरक चटकन कळेल. तगाई कर्जच असे, तिचे जाचही होते. पण बैल घेण्यापूर्वी ती हातात पडत असे. क्रेडिट बैल विकत घेतल्याची पावती दाखवल्यावर मिळते.

दुसरी वाट नव्हती असेही नाही. १९७६ मध्येच, कार्टर येण्यापूर्वी, गरीब कुटुंबांच्या घरांसाठी ‘वेदरायझेशन’ योजना कायद्याने सुरू झाली होती. तिच्यात माणसे घरी येतात, फटी बुजवतात, थर बसवतात. घरमालकाला आगाऊ पैसा मोजावा लागत नाही. ती योजना आजवर टिकली आहे. पण तिला दरवर्षी अर्थसंकल्पातून पैसा मागावा लागतो आणि तो सर्वांना दिसतो. क्रेडिटचा पैसा खर्च म्हणून दिसत नाही, तो न आलेला महसूल असतो. स्टॅन्ली सरी यांनी कोषागारात असताना, १९६७ साली, याच लपलेल्या खर्चाला ‘टॅक्स एक्स्पेंडिचर’ हे नाव दिले होते. नाव रूढ झाले, सवय सुटली नाही.

क्रेडिटची बाजूही मांडली पाहिजे. पहिल्या पर्वातील क्रेडिटने लोकांचे वागणे खरोखर बदलले का, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. डुबिन आणि हेन्सन यांना १९८८ मध्ये परिणाम आढळला नाही. हॅसेट आणि मेटकाफ यांना १९९५ मध्ये तो स्पष्ट दिसला. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. परंतु वागणे बदलले ते ज्यांना बदलणे परवडत होते त्यांचे, एवढे मला त्यातून वाचता येते.

गैरवापरही झाला. २००९ च्या विवरणांत ६८ लाख करदात्यांनी ५.८ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मागितली. नंतर महानिरीक्षकांनी तपासलेल्या नमुन्यात सुमारे ३० टक्के जणांच्या नावे घर असल्याची नोंदच सापडली नाही. दावेदारांत तुरुंगातील कैदी आणि अल्पवयीन मुलेही निघाली. फॉर्मवर पुरावा जोडायचा नव्हता, हे कारण.

१६ ऑगस्ट २०२२ च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने सर्वांत उदार रूप दिले. आयुष्यभराची मर्यादा गेली, वार्षिक आली: थर, खिडक्या, दारे, वातानुकूलन यांना मिळून १,२०० आणि हीट पंपाला निराळे २,०००. यंदा खिडक्या, पुढच्या वर्षी पंप, अशी विभागणी करणाऱ्याला दोनदा लाभ. मुदत २०३२ पर्यंत. २०२३ च्या विवरणांत, सौरपटांच्या क्रेडिटसह, ३४ लाख कुटुंबांनी ८.४ अब्ज डॉलर मिळवले. त्यांतील जवळपास निम्म्या कुटुंबांचे उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत होते. ही सुधारणा खरी आहे. तरीही ज्याला कर लागत नाही, त्याच्यासाठी फॉर्मचे उत्तर १९७८ चेच राहिले. आणि स्वतः न राहता घर भाड्याने देणाऱ्या मालकाला हे क्रेडिट नसल्यामुळे, भाडेकरूच्या भिंतीत थर घालण्याची घाई कोणालाच नव्हती.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने २०३२ ची मुदत खोडून ३१ डिसेंबर २०२५ केली. यंत्र त्या तारखेपर्यंत बसून चालू झालेले हवे. नुसते विकत घेतलेले चालत नाही. १९७८ च्या कायद्याने तारीख दीड वर्ष मागे ओढून, आधीच खर्च केलेल्यांनाही आत घेतले होते. २०२५ च्या कायद्याने सात वर्षे पुढून छाटली. जानेवारी २०२६ उजाडताना ज्याचा हीट पंप खोक्यासकट गॅरेजमध्ये पडून होता, त्याला त्या वर्षीच्या फॉर्म ५६९५ वर लिहिण्यासारखे काही उरले नाही.