साडेपाच तासांचा घोळ

चिपळूणच्या एका शाळेतल्या जुन्या संगणकांवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे काम आम्ही काही शिक्षकांनी हाती घेतले होते. हार्ड डिस्कचे भाग पाडले, दोन्ही कार्यप्रणाली (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम) सुरळीत सुरू झाल्या आणि आम्ही निश्चिंत मनाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ११ वाजता मुलांनी विंडोज सुरू केले, तर पडद्यावर पहाटेचे साडेपाच! आम्ही वेळ नीट लावून दिली. मग लिनक्स सुरू केले, तर तिथे दुपारचे साडेचार. एक दुरुस्त करावे तर दुसरे बिघडे.

हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हती. एका गटाने आपला प्रकल्प आधी लिनक्समध्ये लिहिला आणि तासाभराने विंडोजमध्ये सुधारला. पेनड्राइव्हवर घेताना ‘नवी तेवढी ठेवा’ असे संगणकाला सांगितले. संगणकाच्या हिशेबी साडेचारची फाइल बाराच्या फाइलपेक्षा नवी! सुधारलेली प्रत गेली.

पहिला संशय साहजिकच आतल्या बॅटरीवर. पण बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि घड्याळ नुसते मंद असेल तर चूक रोज थोडी थोडी वाढते. इथे फरक नेमका साडेपाच तासांचा होता. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या पुढे आहे तेवढाच. घड्याळ बिघडलेले नव्हते. ते वाचणाऱ्या दोघांचे एकमत नव्हते.

या मतभेदाचे मूळ शोधायला १९८० च्या दशकात जावे लागते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. संगणक सुरू केला की तो माणसालाच तारीख आणि वेळ विचारी, आणि माणूस अर्थातच भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगे. १९८४ च्या ‘एटी’ संगणकात मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्षाचे दोन आकडे यांसाठी जागा होती. ही वेळ कुठली, हे लिहायला मात्र जागा नव्हती. डॉसने तिथे स्थानिक वेळ ठेवली आणि जुन्याशी जुळते राहावे म्हणून विंडोजने तीच प्रथा पुढे चालवली. लिनक्सचे घराणे युनिक्सचे. तिथे काळ मोजतात तो ग्रिनिचच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सरलेल्या सेकंदांत. स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती. म्हणून लिनक्स चिपमध्ये सहसा जागतिक वेळ ठेवते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच चिपवर त्या एकत्र आल्या की घोळ होतो.

असा घोळ मुंबई इलाख्याने पूर्वी अनुभवला आहे, आणि तोही संगणकाशिवाय. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची वेळ भारताची प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. मुंबईकरांनी नवी वेळ मुकाट्याने स्वीकारली नाही. शहरात दोन्ही वेळा कित्येक दशके शेजारी शेजारी चालल्या, अगदी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. तेव्हा वेळ सांगताना ‘मुंबई टाइम’ की ‘स्टँडर्ड टाइम’ हेही सांगावे लागे. माणसे हा शब्द जोडू शकत होती. १९८४ ची चिप तो जोडू शकत नव्हती.

उपाय अगदी साधा निघाला. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची रीत मान्य करायची. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक नोंद घालून त्याला जागतिक वेळ वाचायला लावता येते. किंवा लिनक्सला एका आज्ञेने सांगता येते की चिपमधली वेळ स्थानिक आहे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, तिथे तो अडचणीचा ठरतो, कारण दोन्ही प्रणाली एकामागून एक तो तास पुढे करू शकतात. आपल्याकडे ती भानगड नाही. अलीकडच्या संगणकांतल्या ‘यूईएफआय’ या मानकात वेळेबरोबर कालविभागाचाही रकाना आहे. गंमत अशी की, तिथे २०४७ हा आकडा लिहिला तर त्याचा अर्थ ‘सांगितलेले नाही’ असा होतो.

मुलांनी मग विचारले, चिपळूणची स्वतःची वेळ कुठली? गाव साधारण ७३.५ अंश पूर्वेला. प्रमाण रेखावृत्तापासून ९ अंश पश्चिमेस, आणि एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३६ मिनिटांचा फरक. मैदानात काठी रोवून पाहिलीत तर इथे सर्वांत आखूड सावली १२ वाजता पडत नाही. ती पडते सरासरीने १२ वाजून ३६ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२.२० ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२.५० ला.