कोलोरॅडो नदीच्या जलाशयांवर आरव्ही मुक्काम : सहल कशी आखावी?

आरव्ही, म्हणजेच रिक्रिएशनल व्हेइकल, हे चाकांवरचे छोटे घर असते. त्यात झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, संडास-न्हाणी आणि पाण्याच्या टाक्या असतात. काही आरव्ही स्वतः चालतात, त्यांना मोटरहोम म्हणतात. काही गाडीमागे ओढून न्यावे लागतात. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आरव्ही घेऊन जाण्याची लोकप्रिय ठिकाणे म्हणजे कोलोरॅडो नदीवर धरणे बांधून तयार झालेले जलाशय : पॉवेल, मीड, मोहावी आणि हवासू. चहूबाजूंनी वाळवंट आणि मध्ये निळेशार पाणी, असे हे दृश्य असते. लास वेगास या भागाच्या जवळ असल्याने बरेच पर्यटक आरव्ही तिथूनच भाड्याने घेतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हे अंतर सहज जमते.

नवखी मंडळी सहसा आधी गाडी पसंत करतात, मग तारखा आणि शेवटी तलाव. खरे तर क्रम उलटा हवा. हे तलाव नैसर्गिक नाहीत. त्यांत किती पाणी आहे, यावरच बोट उतरवता येईल की नाही आणि तंबू किंवा गाडी पाण्यापासून किती दूर राहील, हे ठरते.

नकाशावरचा निळा रंग आणि प्रत्यक्षातले पाणी

मीड जलाशय हूवर धरणामुळे १९३०च्या दशकात तयार झाला. पॉवेलमागच्या ग्लेन कॅनियन धरणात १९६३ साली पाणी अडवायला सुरुवात झाली आणि जलाशय पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. १९८३च्या पुरात तर मीडचे पाणी सांडव्यावरून वाहिले होते. मात्र २००० सालापासून या खोऱ्यात दीर्घ दुष्काळ पडला आणि पाण्याचा उपसा आवकीपेक्षा जास्त राहिला. मीडची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फूट आहे. जुलै २०२२ मध्ये ती सुमारे १,०४० फुटांवर आली, म्हणजे पाणी साधारण ५७ मीटर खाली गेले. पॉवेलची पूर्ण पातळी ३,७०० फूट. २०२३च्या वसंतात ती ३,५२० फुटांच्या आसपास होती.

उभ्या उंचीतली ही घट उताराच्या काठावर शेकडो मीटरची होते. त्यामुळे नावात 'बीच' असलेल्या मुक्कामापासून पाण्यापर्यंत बरेच चालावे लागू शकते. काठावरच्या खडकांवर दिसणारा पांढरा पट्टा हा जुन्या पातळीने मागे ठेवलेल्या क्षारांचा थर आहे. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे मंदिर उघडे पडते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक आहे. मीडच्या उत्तरेकडच्या फाट्यात १९३८ साली बुडालेले सेंट थॉमस हे गावही असेच पुन्हा वर आले आहे. आता तिथे पायी फिरता येते.

बोट उतरवण्याचे काँक्रीटचे रॅम्प ठरावीक पातळीपर्यंतच बांधलेले असतात. पाणी त्याखाली गेले की रॅम्प बंद होतो. २०२२च्या उन्हाळ्यात मीडवरचे बहुतेक रॅम्प याच कारणाने बंद होते. म्हणून आरक्षणाआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ब्युरो ऑफ रेक्लमेशन ही धरणे सांभाळणारी सरकारी संस्था रोजची पातळी जाहीर करते, शिवाय दर महिन्याला पुढच्या २४ महिन्यांचा अंदाजही देते. आणि नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर कोणता रॅम्प कोणत्या पातळीपर्यंत चालतो, ते कळते. आपल्याकडे शेतकरी धरणाचा उपयुक्त साठा आणि मृतसाठा जसा पाहतो, तसेच हे आकडे पाहायचे.

पाण्याची खात्री हवी असेल, तर मोहावी आणि हवासू हे अधिक भरवशाचे. हे दोन्ही खालच्या बाजूचे छोटे जलाशय आहेत. हवासूमधून दक्षिण कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचे मोठे कालवे पाणी उचलतात, त्यामुळे त्याची पातळी वर्षभर दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात ठेवली जाते. मोहावीची चार-पाच मीटरने हलते. निसर्गाची भव्यता पॉवेलमध्येच आहे, यात वाद नाही. पण लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच निघालेल्या कुटुंबाने मोहावी किंवा हवासूपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. एकच लक्षात ठेवावे : मोहावीच्या वरच्या टोकाला हूवर धरणाच्या तळातून सोडलेले पाणी येते. बाहेर कितीही ऊन असले, तरी तिथे ते वर्षभर बर्फासारखे गार असते.

ऊन आणि वीज

मीड, मोहावी आणि हवासू भागात जून ते ऑगस्ट दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर राहते, ४५ अंशही नवलाचे नाही. आरव्हीच्या पातळ भिंती त्यापुढे टिकत नाहीत. छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा साधारण १० ते १२ अंशच गारवा देतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. फक्त मार्चमध्ये कॉलेजांच्या सुट्ट्यांमुळे हवासूवर बोटींची आणि गोंगाटाची गर्दी असते. पॉवेल उंचावर असल्याने तिथे एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. हिवाळ्यात तिथे रात्री पाणी गोठते आणि गाडीला जोडलेला पाण्याचा पाइपही.

उन्हाळ्यातच जायचे असेल, तर हूकअप असलेली जागाच घ्यावी. हूकअप म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची थेट जोडणी. मीड परिसरातल्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या स्वतःच्या कॅम्पग्राउंडवर ती नसते. शेजारी खासगी कंत्राटदार चालवतात त्या आरव्ही पार्कमध्ये ती मिळते, उदाहरणार्थ मोहावीवरचे कॉटनवुड कोव्ह आणि कॅथरीन लँडिंग, पॉवेलवरचे वाहवीप. विजेची जोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट : एक एसी आणि थोडीफार उपकरणे. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की खटका पडतो, हा अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन वेगळ्या वाहिन्या असल्याने १२,००० वॅटपर्यंत वीज मिळते. दोन एसींची मोठी गाडी असेल तर तीच हवी.

जोडणी नसेल तर जनरेटर चालवावा लागतो आणि त्यावर वेळेचे निर्बंध असतात. रात्री तो बंदच. जनरेटरचा धूर ही गंभीर बाब आहे. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की वासाने कळत नाही, आणि बंद जागेत तो झोपेतच जीव घेतो. धुराचे तोंड खिडकीकडे किंवा शेजारच्या गाडीकडे नसावे, आणि गाडी ताब्यात घेतानाच आतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे.

गाडी आणि टाक्या

पहिल्या सहलीसाठी २२ ते २५ फुटांची, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम पुरेशी आहे. ती साध्या लायसन्सवर चालवता येते; भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा. भाड्याच्या कराराचे बारीक अक्षर वाचणे इथे फार महत्त्वाचे, कारण ठरावीक मैलांपलीकडचे अंतर, जनरेटरचे तास, भांडी-अंथरुणे या सगळ्याचे वेगळे पैसे लागतात. एका लिटरमध्ये गाडी साधारण चारच किलोमीटर जाते. लास वेगासहून मीडचा काठ ४० किलोमीटरवर आहे, हवासू २४० आणि पॉवेलकाठचे पेज हे गाव सुमारे ४४० किलोमीटरवर. पेजला जाताना झायन उद्यानातल्या जुन्या बोगद्याचा रस्ता टाळावा. तिथे मोठ्या वाहनांवर निर्बंध आहेत. हरिकेन, फ्रेडोनिया, कनाब हा मार्ग आरव्हीला सोयीचा.

अशा गाडीत साधारण १५० लिटर स्वच्छ पाणी मावते. चार माणसे घरच्यासारखी अंघोळ करू लागली तर ते एका दिवसात संपते. जपून वापरले तर दोन दिवस पुरते. भांडी-अंघोळीचे पाणी एका टाकीत आणि संडासाचे दुसऱ्या टाकीत साठते. त्या ठरलेल्या डंप स्टेशनवरच रिकाम्या करायच्या, जमिनीवर किंवा तलावात कधीच नाही. आधी संडासाची टाकी, मग दुसरी, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे विसरू नयेत.

काठावर उतरताना

पॉवेलवरच्या लोन रॉकला थेट वाळूवर मुक्काम करता येतो. फोटो सुंदर येतात, पण दरवर्षी आरव्ही तिथल्या मऊ वाळूत रुततात. भाड्याच्या गाडीचा विमा पक्का रस्ता सोडल्यावर सहसा लागू होत नाही, आणि बाहेर काढायला येणारी टो गाडी महागात पडते. भाड्याची गाडी असेल तर ती वाळूवर उतरवूच नये.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातही गाडी लावू नये. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथेही मान्सूनचे ढग येतात आणि पाऊस दूर कुठेतरी पडून पूर इथे येतो. ऑगस्ट १९९७ मध्ये पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असाच लोंढा आला आणि ११ पर्यटकांचा मृत्यू झाला; त्या वेळी घळीत फारसा पाऊसच नव्हता. तलावावर वारा अचानक सुटतो. गाडीची कापडी छत्री रात्री आणि बाहेर जाताना गुंडाळून ठेवावी आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने, पोहता येत असले तरी, लाइफ जॅकेट घालावे.

स्वतःची बोट किंवा कयाक असेल तर तलाव सोडताना ती धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवावी लागते. मीडमध्ये २००७ साली क्वागा हा परका शिंपला सापडला. तो पाइप आणि यंत्रे चोंदवतो आणि बोटींवरून एका तलावातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून ठिकठिकाणी तपासणी होते.

शेवटी घड्याळ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, नेवाडा आणि युटा करतात. त्यामुळे हिवाळ्यात मीड-मोहावीच्या दोन काठांवर एका तासाचा फरक असतो, तर उन्हाळ्यात वाहवीप आणि जेमतेम काही किलोमीटरवरच्या लोन रॉकमध्ये. मोबाइल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. बोटीची फेरी किंवा कॅनियनची सफर ठरवताना ती कोणत्या राज्याच्या वेळेने आहे, हे विचारून घ्यावे.