मुटका आणि ओनिगिरी : इंद्रायणीकाठच्या एका भाषांतराविषयी

मराठी वाचकाचा जपानशी परिचय झाला तो मुख्यतः पुस्तकांतून. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली आले. प्रभाकर पाध्ये यांच्या ‘तोकोनोमा’ने त्या देशाकडे सौंदर्यशास्त्राच्या अंगाने पाहिले. पुढे शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून घरोघरी पोहोचले. या परंपरेविषयी आपल्याकडे थोडेबहुत लिहिले गेले आहे. परंतु जपान मराठी स्वयंपाकघरात कसा आला, याचा विचार मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही. तो करण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते, कारण परक्या पदार्थाचे आपल्या चुलीवर शिजणे हेही एक भाषांतरच असते. मूळ, पर्याय, तडजोड आणि हानी हे भाषांतराचे सर्व प्रश्न तेथेही उभे राहतात.

या विचाराची सुरुवात ‘तोत्तोचान’पासूनच करता येईल. त्या पुस्तकातील मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या डब्यात समुद्रातले काहीतरी आणि डोंगरावरचे, म्हणजे जमिनीवरचे काहीतरी असावे, एवढीच अपेक्षा पालकांकडून ठेवतात. महागडा जिन्नस आणावा असे त्यांचे म्हणणे नाही. आपल्याकडील अनेक वाचकांना जपानी घरगुती अन्नाची पहिली ओळख झाली ती या डब्यातून, आणि ती योग्य दिशेची होती. हॉटेलातील सुशी म्हणजे जपानी जेवण हा समज पुढे शहरांतून पसरला. जपानी घरातले रोजचे जेवण मात्र ‘एक सूप, तीन पदार्थ’ या साध्या चौकटीत बसणारे असते. मध्यभागी भात, सोबत मिसोचे पातळ सूप, एखादी उकडलेली वा परतलेली भाजी, थोडे लोणचे. २०१३ साली युनेस्कोने जपानी पाकपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा गौरव झाला तो या रीतीचाही. वरणभात, भाजी, कोशिंबीर आणि लोणचे यांचे ताट ज्याने पाहिले आहे त्याला ही चौकट परकी वाटू नये.

हे परिचयाचे नाते प्रत्यक्ष व्यवहारात उतरले ते पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण या पट्ट्यात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुण्याच्या उत्तरेकडील माळराने व शेते कारखान्यांनी व्यापू लागली. १९८०च्या दशकात आकुर्डीच्या बजाज ऑटोने जपानच्या कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले. २०१३ साली ब्रिजस्टोनचा टायर कारखाना चाकणला सुरू झाला. त्या आधीपासूनच, म्हणजे १९७०च्या दशकापासून, पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन रुजत होते. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही त्यातली ठळक नावे. परिणामी या भागातील मुले-मुली दुभाषे, अभियंते आणि प्रशिक्षणार्थी म्हणून जपानला जाऊ लागली, तर तिकडची माणसे काही वर्षांसाठी इकडे राहू लागली. भाषेमागोमाग चव येतेच. या साऱ्या पट्ट्याच्या मधोमध, इंद्रायणीच्या काठी, देहू आहे.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने भाताची एक नवी जात प्रसारित केली. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून निपजलेल्या या जातीला नदीचेच नाव मिळाले : इंद्रायणी. सुवासिक, मऊ आणि शिजल्यावर किंचित चिकट होणारा हा तांदूळ मावळात पाहता पाहता लोकप्रिय झाला. त्याच १९८७ साली जपानच्या इशिकावा प्रांतात उत्खनन करताना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, जळून कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला. तो ओनिगिरीचा पूर्वज असावा असे मानले जाते. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. तथापि आज इंद्रायणी तांदळाची ओनिगिरी वळणाऱ्या मराठी गृहिणीच्या हातात त्या दोन्ही एकत्र आलेल्या असतात.

चिकटपणा हा या भाषांतराचा कळीचा मुद्दा होय. मराठी पाकभाषेत ‘भात चिकट झाला’ ही तक्रार असते. पाहुण्यांपुढे मोकळा, शीत न् शीत सुटे असा भात वाढावा, आसट व गुरगुट्या भात लहान मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी राखावा, असा आपला संकेत. जपानी भाताचे शील याच्या उलट आहे. शिते एकमेकांना धरून राहिली पाहिजेत, म्हणजेच तो चॉपस्टिकने उचलता येतो आणि हाताने वळता येतो. शब्दांचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. जपानीत शेतातले रोप ‘इने’, कांडलेला दाणा ‘कोमे’ आणि शिजलेला भात ‘गोहान’. ‘गोहान’चा आणखी एक अर्थ जेवण असाच आहे. मराठीत रोप भात, दाणा तांदूळ, आणि शिजल्यावर तो पुन्हा भात. शेतात आणि ताटात एकच शब्द वापरणारी आपली भाषा त्या दोहोंमधील नाते विसरू देत नाही. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

‘ओनिगिरी’ हा शब्द ‘निगिरु’, म्हणजे मुठीत धरून दाबणे, या धातूपासून आला आहे. मराठीत मुठीने दाबून केलेल्या पदार्थाला मुटका म्हणतात. एवढा नेमका प्रतिशब्द अनुवादकाच्या वाट्याला क्वचितच येतो. कृतीही तितकीच सरळ आहे. नवा इंद्रायणी तांदूळ पाणी निवळेपर्यंत तीन-चार वेळा धुवावा, अर्धा तास भिजत ठेवावा, आणि एका वाटीस दीड वाटीच्या आतबाहेर पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण न उघडता, मंद आचेवर शिजवावा. कुकरच्या शिट्ट्यांनी त्याचा लगदा होण्याची भीती असते. आच बंद केल्यावर दहा मिनिटे वाफेत मुरू द्यावा. मग हात ओले करून त्यांना चिमूटभर मीठ चोळावे, कोमट भात घेऊन मध्ये सारण भरावे आणि त्रिकोणी मुटका वळावा. जपानात सारण म्हणून खारवलेले उमेबोशी फळ असते. त्याच्या जागी आपले बिनतेलाचे, मुरलेले उपासाचे लिंबाचे लोणचे उत्तम चालते. समुद्रशैवालाची काळी पट्टी, नोरी, मिळाली तर गुंडाळावी, न मिळाली तरी अडत नाही.

खरी अडचण येते ती सूपाशी. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो, आणि देहूसारख्या गावात माळकऱ्यांच्या घरी तो चुलीवर चढणे शक्य नाही. परंतु या अडचणीचे उत्तर जपानच्याच इतिहासात आहे. बौद्ध मठांतून विकसित झालेल्या ‘शोजिन र्‍योरी’ या शाकाहारी पाकपरंपरेत मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणही वर्ज्य. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. तांदूळ निवडण्या-धुण्याकडे लक्ष देणे हीही साधनाच आहे, असा त्याचा आशय. या परंपरेतला दाशी कोम्बु नावाचे समुद्रशैवाल आणि वाळवलेल्या शिताके अळंब्या भिजवून होतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामी’ ही चव शोधून काढली, तीही कोम्बुच्या अर्कातूनच. १९५४च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते ठिकाण तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर आहे. माळकऱ्यांचे स्वयंपाकघर आणि बौद्ध मठाचे मुदपाकखाने यांना एकमेकांची भाषा समजावी, यात नवल नाही.

इतर सोप्या पदार्थांबाबत तर प्रतिशब्द शोधावेही लागत नाहीत. पालक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, गार करून, पिळून घ्यावा आणि भाजलेल्या तिळाचे कूट, थोडी साखर व सोया सॉस लावून कालवावा, की ‘गोमा-आए’ झाले. संक्रांतीला तीळ कुटणाऱ्या घरात त्याला वेगळी सामग्री लागत नाही. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून, पाणी पिळून, व्हिनेगर व साखर घातली की ‘सुनोमोनो’ ही कोशिंबीर तयार होते. तेम्पुराचा इतिहास तर थेट आपल्या किनाऱ्याशी येऊन भिडतो. अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्यात ख्रिस्ती झाला. पुढल्या वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला सोबत घेऊन गोव्याहून निघाला आणि जपानला पोहोचला. पोर्तुगीजांच्या याच वावरातून पीठ लावून तळण्याची रीत तेथे रुजली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या भज्यांत डाळीचे पीठ आणि तिखट-ओवा असतो; तेम्पुरात गव्हाचे पीठ बर्फासारख्या थंड पाण्यात जेमतेम कालवतात, गुठळ्या राहिल्या तरी ढवळत नाहीत. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला गेले, आणि १९२७ साली टोकियोतील नाकामुराया या त्यांच्या सासुरवाडीच्या दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली.

यावर एक आक्षेप संभवतो. लिंबाचे लोणचे घातलेल्या इंद्रायणीच्या मुटक्याला जपानी का म्हणावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण निरसन होईल असे नाही. कोजी बुरशीने महिनोन् महिने आंबवलेल्या मिसोला आपल्याकडे पर्याय नाही. तो विकतच आणावा लागतो. जपानी तांदळाची गोडसर चकाकीही इंद्रायणीला नाही, आणि इंद्रायणीचा वास जपानी तांदळाला नाही. मराठी हायकूतही जपानी अक्षरगणाचा काटेकोरपणा सर्वत्र टिकला नाही. टिकली ती क्षणाकडे पाहण्याची रीत. पदार्थाचेही तसेच म्हणता येईल. धान्य मन लावून धुणे, चव झाकण्याऐवजी ती उघडी ठेवणे आणि थोडक्यात भागवणे एवढे जर ओलांडून आले, तर भाषांतर जमले असे समजावयास हरकत नाही.

परंतु या भाषांतराला एक अट आहे, ती म्हणजे आपल्या बाजूचा शब्द जिवंत राहण्याची. ज्या उद्योगांमुळे जपान या पट्ट्यात आला, ते उद्योग आणि त्यांच्यामागून वाढलेली वस्ती मावळातील भातखाचरांवरच उभी राहात आहे. इंद्रायणीत सांडपाणी आणि रसायने मिसळतात; आळंदीला नदीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांसह साऱ्यांनी पाहिली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली जाहीर केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत इंद्रायणीचा समावेश होता.

जपानचा इतिहास येथेही बोलतो. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेले कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत आणि भातावाटे माणसांच्या हाडांत गेले. असह्य वेदनांमुळे त्या आजाराला लोकांनीच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे नाव दिले. जपान सरकारने १९६८ साली त्याला प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली, १९७१ साली न्यायालयाने पीडितांच्या बाजूने निर्णय दिला, आणि दूषित शेतांची माती पालटण्याचे काम संपायला २०१२ साल उजाडले. इंद्रायणीच्या खोऱ्यात तसेच घडले आहे असे आमचे म्हणणे नाही. पण भात पिकवणाऱ्या नदीशी निष्काळजीपणाने वागल्याचा हिशेब किती पिढ्या फेडावा लागतो, हे त्या देशाने स्वतःच्या अंगावर शिकून ठेवले आहे. जपानकडून आपण मोटारसायकल घेतली, हायकू घेतला, आता ओनिगिरी घेत आहोत. त्याच शिदोरीत जिंझूची ही कहाणीही घ्यावयास हवी. शेतातल्या आणि ताटातल्या भाताला एकच शब्द वापरणाऱ्या भाषेला ती समजावयास अवघड जाऊ नये.