आडनावाचा शोध आणि जुनी नियतकालिके

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आडनाव हे साधन किती विश्वसनीय मानावे, हा प्रश्न अभ्यासकांपुढे वारंवार उभा राहतो. प्रस्तुत लेखात ‘आंबेडकर’ या नावाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

आडनावाची नोंद होण्यापूर्वीची अवस्था कोरेगाव-भीमा येथील जयस्तंभावर दिसते. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या ज्या सैनिकांची नावे तेथे कोरली आहेत, त्यांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. या प्रत्ययावरून महार सैनिक ओळखू येतो. त्याचे कुळ मात्र कळत नाही. गावावरून ‘कर’ लावून आलेल्या आडनावाने नेमका उलटा व्यवहार केला. त्याने गाव सांगितले आणि जात सांगितली नाही.

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलमध्ये 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचा प्रवेश झाला. तेथील नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. गावावरून पडलेल्या ‘आंबावडेकर’ या नावाचे ‘आंबेडकर’ कसे झाले आणि त्यात आंबेडकर नावाच्या शिक्षकांचा वाटा कोणता, ही हकीकत आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’च्या 13 एप्रिल 1947 च्या विशेषांकात बाबासाहेबांच्याच आठवणींत आली आहे. नोंदवहीवरून नाव केव्हा रूढ झाले होते एवढे सिद्ध होते; आठवण ते का बदलले याचा उलगडा करते. एकीचे काम दुसरीवर लादले की वाद माजतो.

नियतकालिकांकडे वळल्यावर वेगळीच अडचण येते. मे 1917 च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त जातिसंस्थेवरील निबंधावर त्यांचे नाव छापले आहे. परंतु 16 जानेवारी 1919 च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील पत्राखाली ‘एक महार’ या अर्थाची इंग्रजी सही आहे. 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या ‘मूकनायक’वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव आहे, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात शासकीय सेवेत प्राध्यापक होते. 3 एप्रिल 1927 च्या ‘बहिष्कृत भारत’पासून मात्र ते स्वतः संपादक म्हणून समोर येतात. केवळ आडनाव शोधणारा वाचक या मधल्या वर्षांतील लेखन हमखास गमावील. नाव न सापडणे म्हणजे माणूस नसणे नव्हे.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील अनेक धम्मबांधवांची घराणी कोकणातून वा देशावरून आलेली आहेत. त्यांनी आपल्या पूर्वजांचा शोध घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. कांबळे, जाधव, गायकवाड, मोरे, पवार ही आडनावे अनेक जातींत आढळतात. म्हणून आडनावासोबत वडिलांचे नाव, गाव आणि तालुका जुळल्याखेरीज नाते मानू नये. सभांचे वृत्तांत, वर्गणीची पोच, वाचकांची पत्रे हे मजकूर अग्रलेखाइतक्याच बारकाईने वाचावेत. सामान्य कार्यकर्त्याचे नाव तेथेच भेटण्याचा संभव अधिक. लेखनभेदही ध्यानात घ्यावेत; आंबडवे, आंबावडे अशी एकाच गावाची दोन रूपे आढळतात.

‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये, वसंत मून यांच्या संपादनाखाली, पुन्हा प्रकाशात आणले. त्यामुळे हे काम आता केवळ विद्यापीठीय संशोधकांचे राहिलेले नाही. ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’ यांचा एखादा जीर्ण अंक घरात वा विहाराच्या कपाटात असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नये. त्यातील एका ओळीत कुणाच्या तरी आजोबांचे नाव असू शकते.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात नाम-गोत्र हा लोकव्यवहारात ठरविलेला संकेत होय, जन्मजात लक्षण नव्हे, असे भगवंतांनी प्रतिपादिले आहे. मनुष्य कर्माने ओळखला जातो. आडनावाचा शोधही याच दृष्टीने व्हावा. कुळाचा अभिमान मिरविणे हे त्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी चळवळ उभी केली त्यांच्या कर्माची नोंद त्यांच्या नावावर लागावी, एवढेच त्याचे प्रयोजन आहे.