डायलिसिस फिस्टुलातील गुंतागुंत व शस्त्रक्रिया

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात. या जोडणीस धमनी-शिरा फिस्टुला असे म्हणतात. डायलिसिस यंत्राला दर मिनिटास साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागते व साध्या शिरेतून ते मिळत नाही. धमनीचे दाबयुक्त रक्त आत आल्याने शीर काही आठवड्यांत रुंद व जाड होते आणि तिच्यात वारंवार सुया टोचता येतात.

१९६० मध्ये सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी कातडीबाहेर राहणारी टेफ्लॉनच्या नळ्यांची जोडणी वापरात आणली. तिच्यामुळे दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले, परंतु तिच्यात जंतुसंसर्ग होई व रक्त गोठत असे. १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटावरील फिस्टुलाची माहिती प्रसिद्ध केली. शक्य असेल तेथे आजही प्रथम हाच फिस्टुला करतात. मनगट, कोपर व दंड एवढ्याच सोयीच्या जागा असल्याने बिघडलेला फिस्टुला शक्यतो वाचविण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो.

अरुंदता व गुठळी

शिरेच्या आतील थर जाड होऊन मार्ग अरुंद होणे ही नेहमीची तक्रार आहे. हाताला जाणवणारी थरथर मंदावते किंवा सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. बहुतेक वेळा फुग्याच्या कॅथेटरने मार्ग रुंद करतात. अरुंद भाग जोडणीलगत असल्यास शीर थोडी वरच्या बाजूस धमनीला नव्याने जोडणे अधिक टिकाऊ ठरू शकते. थरथर पूर्णपणे थांबल्यास गुठळी झालेली असण्याची शक्यता असते. ती लवकर काढावी लागते. मात्र मूळची अरुंदता तशीच ठेवल्यास रक्त पुन्हा गोठते.

फुगवटा व रक्तस्राव

एकाच जागी सुया टोचत राहिल्याने शिरेची भिंत कमकुवत होऊन फुगते. केवळ फुगवटा दिसतो म्हणून शस्त्रक्रिया करीत नाहीत. कातडी पातळ व चकचकीत होणे, खपली न भरणे किंवा फुगवटा झपाट्याने वाढणे ही मात्र धोक्याची लक्षणे होत. असा फिस्टुला फुटल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी कापडाचा जाड बोळा न ठेवता रक्त येणाऱ्या नेमक्या जागेवर बोटाने दाब देऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते. शस्त्रक्रियेत भिंतीचा जादा भाग कापून शीर पूर्ववत रुंदीची शिवतात किंवा तो तुकडा काढून नवा मार्ग जोडतात.

हाताचा रक्तपुरवठा

फिस्टुलाने अधिक रक्त ओढून घेतल्यास पंजा थंड व बधिर पडतो, बोटांना जखमा होतात. कोपराजवळील फिस्टुला असलेल्या व मधुमेही रुग्णांत हे अधिक आढळते. प्रवाह जास्त असल्यास शिरेला पट्टी बांधून तो कमी करतात. दुसऱ्या पद्धतीत जोडणीच्या लगेच खालची धमनी बांधून, रुग्णाच्याच शिरेच्या तुकड्याने वरच्या धमनीचे रक्त पंजाकडे नेतात. त्यामुळे फिस्टुलाही राहतो. बोटांची हालचाल किंवा संवेदना झपाट्याने जाऊ लागल्यास मात्र फिस्टुला बंद करणेच भाग पडते.

फिस्टुला गमावलेल्या रुग्णास बहुधा मानेतील शिरेत कॅथेटर घालून डायलिसिस घ्यावे लागते. तो फार काळ राहिल्यास छातीतील मोठ्या शिरा अरुंद होतात व त्या बाजूच्या हातात पुढचा फिस्टुला करणे अवघड होऊन बसते.