केदारनाथ : 37 तास 45 मिनिटे

एप्रिल 2013

देशाच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या तयारीवरचा 'कॅग'चा अहवाल बाहेर आला. त्यात उत्तराखंडबद्दल एक नोंद होती. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ऑक्टोबर 2007 मध्ये स्थापन झाले, आणि तेव्हापासून त्याची एकही बैठक झालेली नव्हती.

त्याआधी सात महिने, सप्टेंबर 2012 मध्ये, रुद्रप्रयाग जिल्ह्यात उखीमठला ढगफुटी होऊन डझनावारी माणसे दगावली होती. केदारनाथ याच जिल्ह्यात आहे. पावसाची आगाऊ चाहूल देणारे डॉपलर रडार मात्र राज्यात तेव्हा एकही नव्हते.

मेचा मध्य

केदारनाथचे कपाट उघडले. गौरीकुंडपासून 14 किलोमीटरची चढण, निम्म्यावर रामबाडा. पायी चालणारे, घोडे-खेचरे, डोलीवाले आणि पिठ्ठूवाले सगळे याच वाटेने चढत आणि याच वाटेने उतरत.

मंदिर समिती दर्शनाचे आकडे ठेवत असे. पण या घटकेला वाटेवर किती जण आहेत, रामबाड्यात किती मुक्कामाला थांबलेत, कोण कुठल्या गावचा, याची यादी कुणाकडेच नव्हती.

पंढरपूर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला हे खटकते. पंढरपूरला येणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे की रथामागे हे ठरलेले असते. मुक्कामी समाजआरतीला ज्या दिंडीची काही अडचण असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. हे कुठल्या प्राधिकरणाने बसवलेले नाही. तरी महाराष्ट्राने फार फुशारकी मारू नये. साताऱ्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक गेले. तिथेही अरुंद चढण होती आणि दोन्ही बाजूंना दुकाने होती.

15 जून, शनिवार

देहरादूनच्या हवामान केंद्राचा अतिवृष्टीचा इशारा सरकारी कार्यालयांत पोचला होता. यात्रा काही दिवस पुढे ढकलावी असा सल्लाही दिला होता, असे केंद्राने नंतर सांगितले. असे इशारे नेहमीच येतात, त्यात नेमकी जागा नसते, हे प्रशासनाचे नंतरचे म्हणणे. यात्रा थांबली नाही.

सोलापुरात त्या दिवसांत पाऊस ही आनंदाची बातमी होती. 2012-13 चा दुष्काळ जिल्ह्याने टँकरवर काढला होता, उजनी धरण उणे साठ्यात गेले होते. इथल्या नवी पेठ या बाजारपेठेतली दिवाळी जूनच्या पावसावर ठरते. त्या वर्षी मोसमी पाऊस झपाट्याने पुढे सरकत होता, आणि इथे त्याची कुणाला तक्रार नव्हती.

15 जून, संध्याकाळी 5
उरलेला वेळ : 37 तास 45 मिनिटे

केदारनाथच्या वर, चोराबारी हिमनदीजवळ, देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे पर्जन्यमापक होते. संशोधनासाठी ठेवलेले. पुढच्या 24 तासांची मोजणी इथून सुरू होते.

16 जून, पहाटे 5
उरलेला वेळ : 25 तास 45 मिनिटे

बारा तासांत 210 मिलिमीटर.

या उंचीवर जूनमध्ये पडणारा पाऊस नुसता वाहून जात नाही, साठलेला बर्फही वितळवतो. मंदिरापासून सुमारे 2 किलोमीटर वर चोराबारी ताल होता. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणतात. लांबी सुमारे 400 मीटर, रुंदी 200 मीटर, खोली 15 ते 20 मीटर. त्याला बांध होता तो हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा. पाणी बाहेर जायला तोंड नव्हते.

16 जून, दिवसभर

रविवार. त्या दिवशी मोसमी पावसाने सारा देश व्यापला. तेव्हाच्या सरासरीप्रमाणे ही वेळ 15 जुलैच्या सुमारास येत असे. म्हणजे देश व्यापण्याची वेळ जवळजवळ महिनाभर आधी आली होती. जूनचा मध्य कोरडा धरून ज्यांनी यात्रा आखली होती, त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. कॅलेंडरच बदलले होते.

अशा दिवशी माणूस मागे का फिरत नाही, याची कारणे किरकोळ असतात. परतीचे रेल्वेचे आरक्षण, आगाऊ भरलेले खोलीचे भाडे, जूनच्या मध्याला उघडणाऱ्या शाळा, आणि इतक्या लांब येऊन दर्शनाशिवाय परतायचे कसे हा म्हाताऱ्यांचा प्रश्न. त्यांना 'थांबा' म्हणायचे काम ज्याचे, त्याने गौरीकुंडलाच म्हणायला हवे होते. वर पोचल्यावर त्या शब्दाचा उपयोग नसतो.

16 जून, संध्याकाळी 5
उरलेला वेळ : 13 तास 45 मिनिटे

दिवसाच्या बारा तासांत आणखी 115 मिलिमीटर. एकूण 325. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्या निम्म्याहून अधिक केदारनाथच्या वर एका दिवसात पडला.

16 जून, संध्याकाळी 5:15
उरलेला वेळ : 13 तास 30 मिनिटे

वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर मांडलेल्या क्रमानुसार पहिला लोंढा या वेळी आला. सरस्वती आणि दूधगंगा यांच्या पाणलोटातून पाणी, दगड आणि गाळ गावात शिरला. शंकराचार्यांची समाधी, जलनिगमचे अतिथीगृह, भारत सेवाश्रम वाहून गेले.

गाव दोन प्रवाहांच्या मधल्या पट्ट्यावर होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 1882 च्या छायाचित्रात मंदिर जवळजवळ एकटे उभे दिसते. 2013 पर्यंत नदीच्या जुन्या पात्रापर्यंत लॉज, धर्मशाळा आणि दुकाने पोचली होती. नदीने सोडलेली जागा लोकांनी मोकळी जागा धरली.

16 जून, रात्र

जे वाचले ते मंदिरात आणि उरलेल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. पाऊस थांबलेला नव्हता. 2 किलोमीटर वर तलाव भरत होता. त्याची पातळी सांगणारी कुठलीही यंत्रणा गावात नव्हती.

17 जून, सकाळी 6:45

चोराबारी तालाचा बांध फुटला. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे तलाव 5 ते 10 मिनिटांत रिकामा झाला.

मंदिरामागे एक प्रचंड शिळा येऊन अडली, प्रवाह दोन्ही बाजूंना फाकला आणि मंदिर उभे राहिले. गावाचा बहुतेक भाग राहिला नाही. खाली रामबाडा पुसला गेला. गौरीकुंड आणि सोनप्रयागचीही मोठी हानी झाली.

17 जून, सकाळी 8:30

राजधानी देहरादूनमध्ये मागच्या 24 तासांत 370 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सगळ्या राज्यातून रस्ते तुटल्याच्या बातम्या येत होत्या. केदारनाथहून काहीच येत नव्हते, आणि त्या गदारोळात तिथली शांतता कुणाला वेगळी वाटली नाही. हवाई दलाचे 'ऑपरेशन राहत' या दिवशी सुरू झाले. पुढच्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक लोकांना डोंगरातून बाहेर काढण्यात आले.

22 जून

केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे देहरादूनला गेले. सरकारी यंत्रणांमध्ये समन्वय नाही, हे त्यांनी तिथे मान्य केले. ते सोलापूरचे खासदार होते. गृहमंत्र्याने हे उघडपणे सांगितले याचे श्रेय त्यांना द्यावे. पण बांध फुटून तेव्हा पाच दिवस झाले होते, आणि कॅगने तेच एप्रिलमध्ये लिहून ठेवले होते.

25 जून

बचावकार्यातले हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले. हवाई दल, एनडीआरएफ आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस मिळून 20 जण गेले.

15 जुलै

उत्तराखंडचे मुख्यमंत्री विजय बहुगुणा यांनी बेपत्ता लोकांचा आकडा जाहीर केला : 5,748. वाटेवरची यादी नसल्याने हा आकडा उलट्या बाजूने तयार झाला होता. ज्यांच्या घरी कुणी परतले नाही, त्यांनी आपापल्या राज्यात दिलेल्या नावांवरून. या सर्वांना मृत गृहीत धरून नातेवाइकांना मदत देण्याचे ठरले. जो एकटा गेला होता आणि ज्याची चौकशी करणारे मागे कुणी नव्हते, तो या आकड्यात नाही.

2014

यात्रेकरूंची बायोमेट्रिक नोंदणी सुरू झाली. आता चारधामला नोंदणीशिवाय जाता येत नाही. नवी पेठेतून कुणी गाडी ठरवत असेल तर त्यांनी नोंदणीच्या कागदाची एक प्रत घरी ठेवून निघावे, आणि देहरादूनहून थांबायला सांगितले तर भाड्याचे पैसे बुडतात म्हणून पुढे जाऊ नये.